एक जुनी, एक नवी

कशेळ्याच्या हायस्कुलात गोदा निरगुडा विज्ञान शिकवायला लागली त्याला आता दोन वर्षं झाली. साल शहाऐंशी. तिच्या वर्गात "बाई, पाठ केलंय" असं छाती काढून सांगणाऱ्याची डाळ शिजत नाही. बाई फळ्याकडून वळतात, खडूची बोटं पदराला पुसतात आणि विचारतात, "केलंस ते बरं केलंस. तपासलं कुणी?" पोरांना वाटतं बाई खवचट आहेत. थोड्या आहेतही, खोटं कशाला बोला. पण ही सवय त्यांना कॉलेजानं लावलेली नाही आणि पुस्तकानंही नाही. ती लावली त्यांच्या आतेनं, आणि तीसुद्धा एक शब्द न बोलता. ते कसं घडलं ते सांगतो.

गोदाची वाडी कशेळ्यापासून तासभर चढणीवर. पंचवीस-तीस घरं, सगळी ठाकरांची. या वाडीत लग्नाच्या हळदीची एक रीत होती. मांडवात उखळ मांडायचं, त्यात हळकुंडं टाकायची, आणि उखळाच्या अल्याड-पल्याड दोन बायका बसवायच्या. बाकीच्या बायका मुसळ घालणार, या दोघी गाणार. अल्याडची सवाल करी, पल्याडची उत्तर देई. सवाल चाळीस, उत्तरं चाळीस. हळद कुठं पेरली इथपासून सुरुवात, ती नवरी मांडवात येऊन उभी राहीपर्यंत.

आता यातली गंमत ऐका. सवाल माणसांना विचारायचा नसे, हळदीला विचारायचा असे. म्हणून सवालाची बाई उखळाच्या काठाशी तोंड नेऊन, मुसळांच्या दणक्यात पुटपुटल्यासारखं म्हणे. समोरचीला ऐकू येई ते फक्त शेवटचं लांबवलेलं "गंऽ". मग मुसळं थांबत आणि उत्तर मांडवभर घुमे. म्हणजे उत्तरं साऱ्या वाडीला पाठ आणि सवाल ठाऊक फक्त सवालाच्या बाईला. नव्या पोरीला आधी उत्तराच्या बाजूला बसवत. सात लग्नं तिनं उत्तरं दिली, की मगच तिला सवाल मिळत.

आणि एक नेम होता, तो मात्र फार कडक. दोघींपैकी एक गेली, तर उरलेलीनं आपल्यासमोर नवी बसवायची. वाडी फुटली, निम्मी घरं दुसरीकडं गेली, तर दोघींनी दोन वाड्यांत जायचं आणि प्रत्येकीनं आपापल्या समोर नवी घ्यायची. कुठल्याही उखळाशी एक जुनी, एक नवी. दोन नव्या एकत्र कधी बसवायच्या नाहीत. ओढ्यापलीकडच्या वाडीनं हा नेम मोडला होता. रसायनीला कारखान्यांची बांधकामं निघाली तेव्हा तिथली निम्मी माणसं मजुरीला गेली, आणि दोन्ही जुन्या बायका एकमेकींना सोडवेना म्हणून जोडीनंच गेल्या. मागं उखळाशी बसवल्या दोन कोवळ्या पोरी. तीन वर्षांत गाण्याचं पार भजं झालं. एका लग्नात एकीनं म्हशीचं विचारलं, दुसरीनं सासूचं उत्तर दिलं, आणि दोघी "माझंच बरोबर" म्हणून मांडवात भांडत बसल्या. कोण चुकलं हे ठरवायला तिथं जुनं कुणी उरलंच नव्हतं. नवरदेवाची आई मात्र रुसली ती रुसलीच.

गोदाच्या वाडीत सवालाला आवडी बसे, गोदाच्या बापाची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, जीभ मात्र तिखट. तिच्या समोर उत्तराला चिंधी. चिंधी तापानं गेली तेव्हा आवडीनं साऱ्या वाडीतून निवडली ती आपली भाची, तेरा वर्षांची गोदा. वाडीतल्या बायका कुजबुजल्या, शाळेत जाणारी पोर कशाला. आवडी म्हणाली, "शाळंत जाती म्हनूनच. तिला ऐकायची सवय हाय. तुमाला बोलायची हाय."

गोदानं उत्तरं चोख पाठ केली. एक, दोन, तीन करत सहा लग्नं पार पडली. सातवं लग्न आलं तेव्हा ती कर्जतला अकरावी सायन्सला होती, मुलींच्या वसतिगृहात राहत होती, आणि हळदीच्याच दिवशी तिचा फिजिक्सचा पेपर होता. तिनं पेपर दिला. आवडीनं त्या लग्नात दोन्ही बाजू एकटीनं म्हटल्या, उखळाच्या अल्याडून पल्याड सरकत सरकत. गोदा घरी आली तेव्हा तिला वाटलं, आता आते सालटी काढणार. आवडी एवढंच म्हणाली, "पुढच्या लग्नाला ये. मंग सवाल देते."

पुढचं लग्न ठरलं ते गोदाच्याच थोरल्या बहिणीचं, चंद्रभागाचं, एकोणऐंशीच्या वैशाखात. आणि त्याआधी, अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत, आवडी लाकडाची मोळी उतरवता उतरवता अंगणात कोसळली. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला, बोलणं परत येईल याची खात्री नाही. ऐकू सगळं येत होतं, कळत सगळं होतं. चाळीस सवाल तिच्या डोक्यात जसेच्या तसे होते आणि बाहेर यायला वाट नव्हती.

बायकांनी आठवून पाहिलं. चौघींनी चार तऱ्हा सांगितल्या आणि चौघी एकमेकींवर तुटून पडल्या. शेवटी गोदाचा बाप काळूराम म्हणाला, "आता काय करनार? सवाल आवडीबरोबर संपले. नेरळवरनं लाउडस्पीकर आनतो, रेकॉर्डी लावू. आजकाल सगळीकडं तेच हाय." भिंतीला टेकून बसलेल्या आवडीनं ते ऐकलं आणि समोरचं नाचणीच्या भाकरीचं ताट डाव्या हातानं बाजूला सारलं. दोन दिवस ती पेजेवर होती. गोदा सुटीला घरीच होती, तिच्यासमोरच हे घडलं. त्या दोन दिवसांत तिला स्वतःची इतकी चीड आली की पुस्तक उघडवेना. एका पेपरासाठी सातवं लग्न चुकवलं आणि सवाल गेले, हे तिच्या मनातून जाता जाईना. गाणं नसेल तर बहिणीची हळद कोरडी लागणार आणि आते भिंतीशी बसून रेकॉर्डी ऐकणार. हे तिला सहन होणार नव्हतं.

तशीच ती कर्जतला परतली. बारावी सायन्स, पुस्तकं सगळी इंग्रजीत, आणि जीवशास्त्राला रोकडे सर. सर खालापूरकडचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला तो दिवस त्यांना लख्ख आठवे, कारण त्या दिवशी पहिल्यांदा घरातल्या सगळ्यांना नवे कपडे मिळाले होते. सर पुस्तक इंग्रजीत वाचत आणि मराठीत समजावत. वरिष्ठांनी हटकलं तर म्हणत, "मुलांना कळलं पाहिजे की मला शोभलं पाहिजे, एक काय ते ठरवा."

डिसेंबरात धडा आला तो पेशी एकाच्या दोन कशा होतात त्याचा. सरांनी टेबलावर आपली रेक्झिनची बॅग ठेवली आणि तिची चेन अर्धी उघडली.

"पेशी दोन व्हायच्या आधी तिच्यातला डीएनए दोन व्हावा लागतो," सर म्हणाले. "डीएनए म्हणजे दोन लांब धागे, एकमेकांभोवती पिळलेले. दोन्ही धाग्यांवर मणी ओवावेत तशी अक्षरं. अक्षरं चारच. ए, टी, जी, सी. 'ए'समोर टीच बसतो आणि जीसमोर सीच. दुसरं कुणी बसवायला गेलात तर बसत नाही. आता नक्कल कशी होते बघा. पीळ सुटतो, धागे चेनीसारखे वेगळे होतात. मग प्रत्येक जुना धागा आपल्यासमोर नवा जोडीदार बसवून घेतो. ए दिसला की समोर टी आणायचा, जी दिसला की सी आणायचा. काम संपलं की पीळ दोन झालेले असतात. प्रत्येकात एक धागा जुना, एक नवा."

गोदाच्या हातातलं पेन थांबलं. एक जुना, एक नवा. तिला वाटलं सर आपल्या वाडीबद्दलच बोलतायत.

मागच्या बाकावरून कमळ्या वाघानं विचारलं, "सर, दोन जुने परत एकत्र आले आणि दोन नवे एकत्र राहिले तर काय बिघडलं?"

"चांगला प्रश्न. मोठ्या शास्त्रज्ञांनाही तो पडला होता," सर म्हणाले. "वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत दोघांनी जंतूंना जड नायट्रोजन खायला घातला. त्यांच्या डीएनएचे दोन्ही धागे जड झाले. मग ते जंतू साध्या, हलक्या नायट्रोजनावर आणून टाकले आणि एकदा दुप्पट होऊ दिले. दोन जुने धागे एकत्र राहिले असते तर निम्मा डीएनए जड आणि निम्मा हलका निघाला असता. निघाला सगळा मधल्या वजनाचा. म्हणजे प्रत्येक जोडीत एक जुना होताच."

तास संपला. मुलं डबा खायला पळाली. गोदा टेबलाशी आली.

"सर, एक धागा पूर्ण हरवला तर?"

"उरलेल्यावरून दुसरा लावता येतो. समोर टी दिसतोय म्हणजे इकडे फक्त 'ए' असणार. सगळी करामत तीच आहे."

मग गोदानं सरांना उखळाचं सगळं सांगितलं, एका दमात. सर ऐकता ऐकता बाकावर टेकले. त्यांचा डबा तसाच राहिला. ते म्हणाले, "तुझ्याकडं उत्तरं आहेत. म्हणजे एक धागा शाबूत आहे. पण फसू नकोस हं. डीएनएत एका अक्षरासमोर एकच अक्षर बसतं. तुझ्या गाण्यात एका उत्तरासमोर दोन सवालही बसतील. अंदाजानं लिहीत गेलीस तर पलीकडच्या वाडीसारखं होईल."

"मग डीएनएत चूक होतच नाही?"

"होते ना. नवा धागा जोडणारं एक एन्झाइम असतं. ते चुकीचं अक्षर बसलं की अडतं, मागं येतं, ते काढून टाकतं आणि बरोबर अक्षर बसवतं. जोडणारं तेच आणि तपासणारंही तेच. तरी लाखो-करोडोंत एखादी चूक निसटते. पुष्कळशांनी काही फरक पडत नाही, काहींनी नुकसान होतं, आणि क्वचित एखादी कामाची निघते. ती मग पुढं चालू राहते." सरांनी बॅगेची चेन लावली. "तुझं गाणं तपासणारं कुणी आहे का?"

गोदाला आतेचा डावा हात आठवला, भाकरीचं ताट सारणारा.

त्याच शनिवारी ती एस्टीनं कशेळ्याला उतरली आणि वाडी चढून गेली. दुपारी अंगणात आवडीला उन्हात बसवलं, समोर वही घेऊन बसली आणि म्हणाली, "आते, मी सवाल म्हनते. चुकलं तर हात आपट."

आवडीनं तिच्याकडं पाहिलं ते असं, की ही पोर शिकून येडी झाली की काय.

पहिलं उत्तर होतं, 'डोंगराच्या कुशीला पेरली, ओल्या मातीला पेरली'. त्यावरून सवाल सरळ होता. गोदा म्हणाली, "हळद कुठं पेरली गं?" हात हलला नाही. दुसरं उत्तर, 'काळ्या ढगानं धाडला'. "पाऊस कोनी धाडला गं?" हात हलला नाही. आवडीचे डोळे मात्र मोठे झाले. तिसऱ्या-चौथ्याला ती भिंत सोडून पुढं झुकली. नवव्या सवालाला डावा तळहात धपकन जमिनीवर पडला आणि गोदाच्या अंगावर काटा आला. चूक झाली म्हणून कुणी इतकं सुखावलेलं तुम्ही पाहिलं नसेल. तिनं सवाल फिरवून म्हटला. धप. पुन्हा फिरवला. हात शांत. गोदानं वहीत लिहिला.

असं ते चालू झालं. दर शनिवारी गोदा येई, तीन-चार सवाल जमत, कधी एकच. मार्चात बोर्डाची परीक्षा झाली. डीएनएच्या नकलेवर सहा मार्कांचा प्रश्न होता आणि गोदानं दीड पान लिहिलं. शेवटचा पेपर झाल्यावर ती ट्रंक घेऊन वाडीवरच गेली.

सगळ्यात छळलं ते सव्विसाव्या उत्तरानं. 'मामानं आनलं, नदीपल्याडून आनलं'. मामानं काय आणलं? गोदा म्हणाली लुगडं. धप. बाशिंग. धप. तिनं मंगळसूत्र म्हटलं, डोरलं म्हटलं, मामाच्या नावावर सगळा बाजार घालून झाला. धप, धप, धप. एप्रिलातले तीन दिवस यात गेले. गोदा रडकुंडीला आली. "आते, तू खुनावत का नाय?" आवडीनं मान फिरवली. ती खुणावणार नव्हती. सवाल हातानं द्यायचा नसतो, चुकला तर अडवायचा असतो, एवढा तिचा ताठा शाबूत होता. चौथ्या दिवशी दुपारी चंद्रभागा पाण्याला जाऊन आली, दीड कोसावरच्या झऱ्याचं पाणी, आणि हंडा उतरवता उतरवता म्हणाली, "नवरीला न्हायला तरी पुरंल का गं हे?" गोदा ताडकन उठली. "पानी कोनी आनलं गं?" हात जागचा हलला नाही. आवडीच्या वाकड्या तोंडावर हसू आलं, ते आणखीच वाकडं दिसलं, आणि गोदाला रडू फुटलं. तिनं आतेच्या गळ्यात हात टाकले. वही चुलीशेजारी पडली ती चंद्रभागानं उचलली.

चाळीसही सवाल लागले. आता गोदाला अल्याड बसायचं होतं, मग पल्याड कोण? आवडीनं डाव्या हाताच्या बोटानं दाखवलं ती चिंधीची सून, सुंदरा. वय तिशीचं, स्वभाव घाबरट, आवाज मात्र खणखणीत. सुंदरा म्हणाली, "मला नाय जमनार. माझ्या डोस्क्यात काय राहत नाय." तिचं खोटं नव्हतं. त्या वर्षी वाडीत सरकारी प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला होता आणि सुंदरा तीन महिने 'क'च्या पुढं सरकत नव्हती. चंद्रभागाही त्याच वर्गात जाई, तिची बाराखडी पुरी झाली होती. गोदानं सुंदराला उत्तरं दिली, दळताना, धुणं धुताना, लाकडं आणताना. शेजारी आवडी असली की चुकीला हात पडे. जिवंतपणी सासूला भ्याली नसेल एवढी बिचारी सुंदरा त्या हाताला भ्यायची.

काळूरामानं लाउडस्पीकरवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. गोदा म्हणाली, "येऊ दे. हळद लागंपर्यंत मुका ठेव म्हनजे झालं." काळूरामानं बहिणीकडं पाहिलं आणि मान डोलावली.

वैशाखात सकाळी मांडव भरला. ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या बायकाही आल्या होत्या, यांचं कसं फसतं ते पाहायला. उखळ मांडलं. अल्याड गोदा बसली, पल्याड सुंदरा, आणि मधोमध पोत्यावर आवडीला टेकवून बसवली, डावा हात जमिनीजवळ. चंद्रभागा पाटावर, अंगाला अजून हळदीचा ठिपका नाही. एक जरी सवाल अडला असता तरी काळूराम त्या स्पीकरवाल्याला खूण करणार होता, आणि आतेसमोर ते व्हायला नको होतं. गोदानं उखळाच्या काठाशी तोंड नेलं आणि पहिला सवाल हळदीला विचारला.

दहा झाले. वीस झाले. पाण्याचा सवाल आला आणि गेला. सुंदराचा आवाज मोकळा होत चालला, पलीकडच्या वाडीतल्या बायका टोमणे विसरून माना डोलवायला लागल्या. एकदाही हात पडला नाही. मग आला बत्तिसावा सवाल, नवरी काय काय शिकली गं. मुसळं थांबली. उत्तर साऱ्या वाडीला पाठ होतं, 'शिकली कांडण, शिकली दळण, शिकली सडा'. सुंदरा चंद्रभागाकडं बघत होती, आणि तिच्या तोंडून मांडवभर घुमलं, "शिकली कांडण, शिकली दळण, शिकली बाराखडी."

सगळा मांडव गार. आवडीचा डावा हात वर उचलला गेला आणि तसाच राहिला, अधांतरी. तो पडायच्या आत सुंदरानं घाईघाईनं सावरलं, "शिकली सडा, शिकली सडा."

धप.

सुंदरा पांढरीफटक पडली. तिला कळेना. तिनं आवाज चढवून पुन्हा म्हटलं, "शिकली सडा."

धप.

गोदानं आतेकडं पाहिलं. आवडी सुंदराकडं पाहत नव्हती. तिची नजर पाटावरच्या चंद्रभागावर होती, आणि डोळे भरून आले होते. गोदाला उमगलं. ती उखळावरून पुढं वाकली आणि सुंदराच्या कानाशी म्हणाली, "बाराखडीच म्हन गं."

"शिकली कांडण, शिकली दळण," सुंदरानं भीत भीत म्हटलं, "शिकली बाराखडी."

हात आवडीच्या मांडीवर गेला आणि तिथंच राहिला. मुसळं पुन्हा पडायला लागली, आणि गोदानं उखळाच्या काठाशी तोंड नेऊन तेहतिसावा सवाल विचारला.